एकोणीस नंबरची विहीर

"थांबा, लिवू नका."

हे वाक्य मी सात वर्षांत किती वेळा ऐकलं त्याला गणतीच नाही. तात्या विहिरीच्या काठावर उकिडवे बसायचे, पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचे आणि वजन बांधलेली ती फीत सरसर आत सोडायचे. फीत वर आली की खडू कुठपर्यंत भिजलाय ती खूण अंगठ्याच्या नखाने धरून ठेवायचे आणि आकडा सांगायचे. मी पेन उचललं रे उचललं की, "थांबा, लिवू नका." मग फीत पुसायची, पुन्हा खडू लावायचा, पुन्हा आत सोडायची. दोन्ही आकडे जुळले तर मान हलवायचे. नाही जुळले तर तिसऱ्यांदा. मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्यांदा म्हणजे काय असतं, ते माझ्या डोक्याला विचारा.

आमची संस्था हडपसरच्या पुढे, लहानशी, भूजलाचा अभ्यास करणारी. मांजरीकडच्या शिवारातल्या चोवीस विहिरींची पाणीपातळी दर मंगळवारी मोजायची, हे आमचं मुख्य काम. 'आमचं' म्हणायचं एवढंच. मोजायचे तात्या, लिहायची मी. ते तिथल्याच एका शेतकरी घरातले. पुढे त्यांची मोटारसायकल, मागे माझी स्कूटर, आणि दर वर्षी एखाद्या विहिरीच्या जागी नवीन सोसायटीची कमान. विहीर बुजवलेली दिसली की तात्या वहीत त्या नंबरापुढे एक आडवी रेघ मारायला सांगायचे. रेघ नीट सरळ आली का, तेही वाकून बघायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. संस्थेचा फोटो काढायचा झाला की ती खुर्च्या मांडतात आणि फोटो निघताना कुठे असतात ते कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या संस्थेतून निघणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं असे. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. निबंध कशावरही असो, नाव त्यांचंच. एकदा स्वतःच्याच निबंधाचं शीर्षक ऐकून ते "छान विषय आहे, कोणाचा?" म्हणाले होते. तात्यांच्या वाट्याला शेवटच्या पानावरचे 'क्षेत्रीय सहकाऱ्यांचे आभार' यायचे, तेही बिननावाचे.

माझी नोकरी तेव्हा वर्षावर्षाच्या कराराची होती. सातव्या वर्षी कायम होण्यासाठी मुलाखत लागली आणि अट आली, की नावावर आणखी एक निबंध हवा. शुक्रवारपर्यंत पाठवला तरच तो मोजला जाणार होता. माझा निबंध तयार होता. सात वर्षांच्या पातळ्या, उतरत जाणारी रेषा, आणि त्या रेषेत सगळ्यात वेगाने खाली जाणारी विहीर, नंबर एकोणीस. सगळा निबंध तिच्यावरच उभा होता म्हणा ना.

मला वाटलं, या वेळी तात्यांचं नाव लेखक म्हणून घालावं. मी मनाने फार मोठी होते असं समजू नका, पण लाज मलाही होती. सर म्हणाले, "घाला की. शेवटी घाला. स्थानिक माणूस असला की बरं दिसतं."

बुधवारी दुपारी मी तात्यांना ऑफिसच्या व्हरांड्यात बसवून ही बातमी दिली. वाटलं होतं, हरखतील. त्यांनी विचारलं, "नाव लावायचं म्हंजे मला काय करायचं?"

"काही नाही. तुमच्या मोबाईलवर मेल येईल, त्यातलं बटण दाबून हो म्हणायचं."

"आन् उद्या कुनी म्हनलं, ह्यात चूक हाय, मंग?"

"मग सगळ्या लेखकांनी उत्तर द्यायचं."

"मला पन?"

"तुम्हालापण."

"मंग आधी वाचून दाखवा. कशाला हो म्हनतोय ते कळाया नको?"

खरं सांगते, तोवर माझे दहा-बारा निबंध छापून झाले होते. त्यांतल्या एकाही सहलेखकाने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

दोन तास मी तो इंग्रजी निबंध मराठीत सांगत होते. तात्या मधे मधे "हं" करत होते. कोष्टकं आली तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि कागद स्वतःकडे ओढला. आकड्यांना इंग्रजी-मराठी काही नसतं. त्यांचं बोट एकेका ओळीवरून सरकत एका ठिकाणी थांबलं.

"ही एकोनीस नंबर?"

"हो."

"ही तर बुजवली. दोन उन्हाळे झाले. तिथं आता पार्किंग हाय. मंग ह्यो आकडा कुठला?"

आकडा माझा होता. संगणकाला रिकामी जागा चालत नव्हती, म्हणून मी शेजारच्या अठरा आणि वीस नंबरवरून दोन उन्हाळ्यांचे आकडे काढून बसवले होते. खाली टीप द्यायची ठरवलं होतं. मग टीप दिली तर मासिकाचे परीक्षक शंका काढतील असं वाटलं, आणि दिली नाही.

"अंदाज आहे तो, तात्या. शास्त्रात चालतं असं."

"अंदाज म्हनून लिवलंय का?"

मी कोष्टकाखालच्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

"मॅडम, तुमी ती ओळ काढा. मी आत्ता बटन दाबतो."

"ती काढली तर निबंधच उरत नाही. परवा शुक्रवार आहे. माझी सात वर्षं आहेत त्यात."

"मंग माझं नाव काढा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "पन बुजवल्याल्या हिरीला पानी लावू नका."

आम्ही नारायण पेठेतली माणसं. अपमान करायला आम्हाला आवाज चढवावा लागत नाही. मी कागद गोळा करत म्हणाले, "तात्या, आपण फीत धरा. शास्त्र आम्ही बघू."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, "बरं" म्हणाले आणि उठून गेले. मी आजवर बोललेल्या वाक्यांतलं एखादं परत घ्यायची मुभा मिळाली, तर ते मी हेच घेईन.

शुक्रवारी मी तात्यांचं नाव काढलं आणि निबंध पाठवायला बसले. शेवटी एक फॉर्म होता, कोणत्या लेखकाने काय केलं ते सांगणारा. कल्पना कोणाची? सरांची, अर्थातच. विश्लेषण माझं, लेखन माझं. आणि प्रत्यक्ष मोजमाप? तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी चहा पिऊन आले. पुन्हा बसले. मग तिथे माझं नाव घातलं. माझं नाव टाइप करायला दोन सेकंद लागतात.

निबंध स्वीकारला गेला, मुलाखत झाली, मी कायम झाले. संस्थेने छोटासा समारंभ केला. सरांनी भाषणात तो फॉर्मच वाचून दाखवला. "मॅडमनी सात वर्षं उन्हातान्हात, विहिरीविहिरीवर जाऊन, स्वतःच्या हाताने मोजमाप केलं!" तात्या मागच्या रांगेत, चहाच्या टेबलाजवळ बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनीही वाजवल्या. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्यापुढे गेले, तेव्हा त्यांनी एक पेढा घेतला, खाल्ला आणि "ग्वाड हाय" म्हणाले.

पुढच्या मंगळवारी पहिल्याच विहिरीवर त्यांनी माझ्या हातातली वही काढून घेतली आणि फीत माझ्यापुढे केली.

"धरा."

मला वाटलं, आता हे सूड उगवणार. वाटलं म्हणजे तशी खात्रीच झाली. सात वर्षं मी ती फीत दर मंगळवारी बघत होते, पण हातात धरली नव्हती. ती सोडताना बोटांना कशी कापते, वजन भिंतीला लागलं की कसं फसवतं, यातलं मला काही माहीत नव्हतं. माझा पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांत वीतभर फरक आला. तिसरा दोघांपेक्षा वेगळा. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "लिहू का सरासरी?"

"थांबा, लिवू नका." आणि मग अगदी साध्या आवाजात, "तुमचं नाव हाय ना तितं? मंग तुमाला आलं पायजे. उद्या कुनी इचारलं तर?"

टोमणा मला ओळखू येतो, पेठेत वाढलेय मी. हा टोमणा नव्हता. माझी अब्रू जाऊ नये म्हणून हा माणूस मला काम शिकवत होता. तो सगळा उन्हाळा त्यांनी मला शिकवलं. फीत कशी ढिली सोडायची, काठावर गुडघा कुठे टेकवायचा, खडू किती लावायचा. जून लागता लागता एका विहिरीवर माझे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तेव्हा तात्यांनी मान हलवली. सरांच्या भाषणाने झाला नव्हता एवढा आनंद मला त्या हललेल्या मानेने झाला, आणि तेवढीच स्वतःची घृणाही वाटली.

एकोणीस नंबरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी रोज वाट बघायची की काढतील, रागावतील, निदान सरांकडे तरी जातील. राग आला असता तर मला भांडता आलं असतं.

पुढच्या वर्षी तात्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ते यायचे बंद झाले. विहिरींत आपोआप नोंद करणारी यंत्रं बसली. मी तात्यांना फोन करायचं ठरवायची आणि पुढे ढकलायची. असं दीड वर्ष गेलं.

मग दुसऱ्या गावच्या एका विद्यार्थिनीची मेल आली. तिला आमच्या निबंधावर पुढचं काम करायचं होतं. एकोणीस नंबरची विहीर बघायला कधी येऊ, असं तिने विचारलं होतं.

काय दाखवणार होते मी तिला? पार्किंग?

त्याच दिवशी मी सरांना सांगितलं की मासिकाला दुरुस्ती पाठवणार आहे. सर उसळले. "माझं नाव आहे त्या निबंधावर! डाग लागेल."

"तुम्ही वाचलाय का तो?" मी विचारलं.

त्यानंतर ते माझ्याशी बोलत नाहीत, ते एका अर्थी बरंच झालं. तात्यांना लेखक करायचं तर सगळ्या लेखकांच्या सह्या हव्यात, असं मासिकाने कळवलं. सरांनी सही दिली नाही. मग दुरुस्तीच्या मजकुरातच मी सगळं लिहिलं. एकोणीस नंबरचे दोन उन्हाळ्यांचे आकडे मोजलेले नाहीत. सात वर्षांचं मोजमाप मी केलेलं नाही, ते तात्यांनी केलं. चूक त्यांनीच, छापण्याआधी, दाखवली होती. आणि त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते छापून यायला पाच महिने लागले. छापून आल्याचं सांगायला मी फोन केला तर कळलं, की तात्यांचा दहावाही होऊन गेला होता.

छापील पान घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मुलाने घेतलेला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. काकू, तात्यांच्या पत्नी, एकट्याच होत्या. मला त्यांनी नावाने ओळखलं. मी पान पुढे केलं आणि तात्यांच्या नावाखाली बोट ठेवलं. त्यांनी ते नाव हळूहळू वाचलं, इंग्रजी असूनही.

"कशापायी छापलंय?"

"त्यांनी एक चूक दाखवली होती."

"कुनाची?"

"माझी."

"कवा?"

"झाली तीन वर्षं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग ते व्हते तवा का नाय छापलं?"

येताना रिक्षात मी उत्तरं जुळवली होती. मासिकाचा उशीर, सरांची सही. "माझी नोकरी कायम व्हायची होती," मी म्हणाले. "भीती वाटली."

"झाली का?"

"झाली."

"बरं झालं." त्यांनी ते मनापासून म्हटलं. पान नीट घडी घालून मांडीवर ठेवलं आणि वरून हात फिरवला. "ह्यांची काय झाली नाय. दर साली नवा कागद यायचा सहीला, तीस वर्सं. औंदा येतो का नाय, म्हनून मार्च आला की जेवन जायचं नाय त्यांना."

सात वर्षं मी त्या माणसाच्या मागे मागे हिंडले होते. हे मी कधी विचारलंच नव्हतं.