जोमाकाकांची पाण्याची परीक्षा

जोमाकाका म्हात्रे फायबरची कोणतीही वस्तू हातावेगळी करण्याआधी तिच्यात पाणी भरून बघत. बोनकोडे गावच्या या माणसाचं उभं आयुष्य खाडीतल्या होड्यांना फायबर चढवण्यात गेलेलं. नवी होडी आधी आतून भरायची, पाझरली नाही तरच खाडीत सोडायची. महाप्याच्या आमच्या कारखान्यात आल्यावरही त्यांनी ही खोड सोडली नाही. मी तिथे ड्रॉइंग काढायचो. एकदा माझा कागद पाहून म्हणाले, "रेघ मारलीस तं खाली नाव घाल. नाव घालाला लाज वाटंल ती रेघ खोड." मला त्यांचा रागच यायचा.

तेव्हा आमच्याकडे एका स्पोर्ट्स कारची बॉडी बनत होती. एका कंपनीने चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, आणि त्या विजयावर बेतलेली ही कन्सेप्ट कार प्रदर्शनात नुसती मांडायची होती. विकायची नाही, पळवायची नाही. इंजिनसुद्धा नव्हतं. न्यायला दोन दिवस उरले असताना काकांनी तिच्यात पाण्याची नळी सोडली.

"काका, गाडी आहे ही!" मी ओरडलो.

"मानूस बसनार ना हिच्यान? मंग बगाला नको?"

ड्रायव्हरच्या दाराखालचा उंबरठा पाझरला. आत बारीक चीर होती. मालक धावत आले. "टेन्शन नका देऊ काका. पुट्टी मारा, रंग मारा. कोण बसणारे तिच्यात?"

"चोवीस तास धावली म्हनून मिरवताव, नि उंबरा फुटका? माजे हातशी नाय जानार."

"मग उद्यापासून येऊ नका!"

"उद्या नाय येत. आज काम हाय."

आणि त्यांनी सरळ ग्राइंडर लावला. मालक बोंबलत राहिले, काका कापत राहिले. संध्याकाळपर्यंत फायबरचे नवे थर बसवून, दिवे लावून वाळवले, हात धुतले आणि निघून गेले. काकांना काढू नका, असं आमच्यापैकी एकानेही मालकांना म्हटलं नाही. मीही नाही. त्याची शरम मला अजून वाटते.

प्रदर्शनात शर्यत जिंकलेला ड्रायव्हर आला. गडी खुशीत होता. गाडीभोवतीची दोरी ओलांडून थेट त्याच उंबरठ्यावर चढला, दोन्ही हात उंचावून नाचला. फोटोवाल्यांनी त्याला पुन्हा नाचायला लावलं. मालकांनी डोळे मिटून घेतले. उंबरठ्याने हूं की चूं केलं नाही.

कार्यक्रमाच्या निवेदिकेने मालकांकडे आणि माझ्याकडे माइक आणला. "इतकी मजबूत बॉडी कुणी बनवली?" मालकांनी हात पुढे केला, पण माइक माझ्याजवळ होता.

"बोनकोड्याच्या जोमा म्हात्र्यांनी," मी म्हणालो. "आणि फुटका उंबरा नीट केला म्हणून यांनी त्यांना कामावरून काढलं."

माझी नोकरी तिथेच गेली. काडीचं दुःख झालं नाही.