सत्तारभाईंचा यम

सत्तारभाई गेले, असा अहेरीहून फोन आला. पलीकडचा माणूस रडत होता आणि मला मात्र, देवाशपथ, हसू आलं... महिना उलटला तरी तसंच होतं. सत्तारभाई म्हटलं की मला आधी त्यांचा यम आठवतो.

सिरोंच्याकडच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो, ते इंग्रजी. तिकडची बोली तेलुगूला टेकलेली, म्हणून 'एम' या अक्षराला सगळे 'यम' म्हणत. सत्तारभाईसुद्धा. पण इंग्रजी शब्दाआधी 'अ' लावायचा की 'ॲन', हे शिकवतानाचा थाट काय सांगू! फळ्यावर इंग्रजीत एमएलए लिहायचे, कानाला हात लावायचे आणि नाटकातल्या राजासारखे गरजायचे, "अक्षर पाहू नका, आवाज ऐका. तोंडातून स्वर निघाला तं 'ॲन', नाई तं 'अ'."

चाचणीत पद्मा नावाच्या मुलीने एमएलएआधी 'अ' लिहिला. त्यांनी लाल काट मारली. पोरगी थेट टेबलाशी.

"सर, काऊन चुकलं?"

"आवाज ऐकला नाई तू."

"तुमचाच ऐकला नं. तुमी यमेले म्हणता. 'य' तं व्यंजन हाय."

सत्तारभाईंनी ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं... आणि मार्क दिला. मग मला म्हणाले, "मी देल्ला भाऊ. बोर्डाच्या तपासणाऱ्याले हिचं तोंड कुठी ऐकू येते?" दहावीला इंग्रजी गेलं की आमच्या मुलींची शाळा तिथेच संपायची. घरचे पुन्हा बसवत नसत.

दुसऱ्या सकाळपासून पन्नाशीचा हा माणूस आरशासमोर जीभ वळवू लागला. यम... यम... एम. शेजारीण त्यांच्या बायकोला, भाभींना विचारी, "मास्तर रोज यमाले काऊन बोलावून राह्यले, बाई?" परीक्षेपर्यंत आधी त्यांचा उच्चार फिरला, मग वर्गाचा. पद्मा पास झाली. सत्तारभाईंचे भाऊबंद मात्र त्यांना "आले आमचे गोरे साहेब" म्हणून चिडवत. तरी निवृत्तीपर्यंत त्यांनी 'यम' तोंडात येऊ दिला नाही.

शेवटचे भेटले ते चंद्रपूरच्या दवाखान्यात. डॉक्टर कसा आहे, मी विचारलं.

"चांगला हाय. अ यमडी."

मी भुवई उचलली. "ॲन, सत्तारभाई."

उशीवर मान टेकून ते हसले. "राहू दे भाऊ. आता कोनाचा पेपर नाई."