त्रेचाळीस टक्क्यांचं कारण

सकाळचे सव्वासात. कुकरची दुसरी शिट्टी झालेली, नवरा बुटांची नाडी बांधता बांधता पान्यांची पिशवी शोधत होता, मुलगी न्हाणीघराचं दार अडवून बसली होती आणि सासूबाई पेपरातलं निधनवार्तांचं पान वाचून ओळखीचं कुणी गेलं नाही ना, याची खात्री करून घेत होत्या. अशा वेळी दारावर टकटक झाली. घंटा असताना दार वाजवणारा माणूस एक तर घाईत असतो नाही तर ओशाळलेला.

दारात खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर उभा होता, ओशाळलेला. चार दिवस तो गावाला गेला होता. रात्री उशिरा परत आला, तर त्याच्या पत्रपेटीत या घरच्या सुनेच्या नावाचं पाकीट. आत्ता क्लिनिकला निघताना हातात घेऊन आला होता. महत्त्वाचं नसेलच म्हणा, असं म्हणून तो जिना उतरला.

पाकीट महत्त्वाचं होतं. आत तिचाच अर्ज होता, परत आलेला. विधी महाविद्यालयात प्रवेशासाठी तिने केलेल्या अर्जावर लाल शाईत एकच शब्द मारला होता, ‘अपात्र’. खाली कारण: पदवीला किमान पंचेचाळीस टक्के हवेत, उमेदवाराला त्रेचाळीस. त्रुटीची पूर्तता करायची असल्यास शेवटची तारीख अमुक, वेळ दुपारी चार. तारीख आजचीच होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. तेव्हा सासूबाई पेपरातून मान न काढता म्हणाल्या, “वकीलबाई, आधी कुकरचं म्हणणं ऐकून घ्या.”

ही बाई पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कामाला. वय एक्केचाळीस. घरी तिला ‘पुरवणी’ म्हणायचे, कारण छत्तिसाव्या वर्षी तिने बाहेरून इतिहासाची एम.ए. केली तेव्हा एका पेपराला आठ पुरवण्या मागून घेतल्या होत्या आणि पर्यवेक्षकाने कपाळाला हात लावला होता. हे नाव नवऱ्याने पाडलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि बायकोची कीर्ती बिल्डिंगीबिल्डिंगीत पोचवतो. त्या एम.ए.ला तिला सदुसष्ट टक्के पडले. पण त्याच्या सोळा वर्षं आधीची रसायनशास्त्राची पदवी मात्र त्रेचाळीस टक्क्यांची, तीही दुसऱ्या वर्षी एका विषयात गटांगळी खाऊन मिळवलेली.

या वयात वकिली कशाला, असं सगळ्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर दोन वर्षांपूर्वीच्या एका चौकशीत होतं. एका दुपारी तीन वाजता कुणीतरी मोठा व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि एका गल्लीतल्या सगळ्या तळघरांत पाणी शिरलं. ठपका आला सकाळपाळीच्या व्हॉल्व्हमनवर. तो माणूस दोनलाच सही करून घरी गेला होता आणि सहीचं रजिस्टर तिनेच शोधून काढलं होतं. कार्यालयाच्या वकिलाने बोट ठेवलं ते शाईवर. व्हॉल्व्हमनच्या त्या रजिस्टरात सकाळच्या सगळ्या नोंदी काळ्या, जातानाची ही एकच सही निळी, म्हणजे मागाहून घुसडलेली. तिला माहीत होतं ती निळी का आहे. ती उठून उभीही राहिली. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही कोण? रेकॉर्डवाली, म्हटल्यावर तो म्हणाला, मग कागद द्या आणि बसा. ती बसली, मूग गिळून. व्हॉल्व्हमनची सतरा वर्षांची नोकरी गेली. तेव्हापासून तिच्या घशात ते वाक्य अडकलेलं होतं, आणि ते बोलायचा अधिकार मिळवल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

तिने अर्ज पुन्हा उलगडला आणि चूक तिच्या लक्षात आली. चूक अशी की तिच्या रेकॉर्ड रूममधल्या माणसाशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. त्यांच्याकडे फाइल लावायची ती जुना कागद वर आणि नवा खाली, म्हणजे प्रकरण घडलं तसं वाचता येतं. आणि फाइलीत आपलं म्हणून काही लिहायचं नाही. कागद बोलतील ते बोलतील. तिने अर्जही तसाच लावला होता. सगळ्यात वर रसायनशास्त्राची गुणपत्रिका, एम.ए.ची पार तळाशी. छाननी करणाऱ्याने पहिलं पान पाहिलं आणि शिक्का मारला. आणि माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं की पदवीला गुण कमी पण पदव्युत्तर परीक्षेत साठच्या वर असतील तर विचार होऊ शकतो, मात्र उमेदवाराने कमी गुणांचं कारण एका पानावर लिहून जोडावं. ते पान तिने जोडलंच नव्हतं. स्वतःबद्दल अर्जात काय लिहायचं, असं वाटून.

तिने ऑफिसला फोन करून रजा टाकली. निघताना सासूबाईंनी तिला थांबवलं. त्या आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात होत्या; अर्ज म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“कारण काय लिहिणार आहेस?”

“बघते, आई.”

“बघतेस काय? वडील आजारी होते, ते लिही. आजारपण म्हटलं की माणसं विरघळतात.”

महाविद्यालयाची इमारत चार मजली, जिन्यात ओल्या लाद्यांचा आणि फिनाइलचा वास. छाननीच्या खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मुलीचा अर्ज आणलाय का, असं विचारलं. माझाच आहे, म्हटल्यावर तो जरा सावरून बसला. तिने तळाची गुणपत्रिका काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि विचारलं की हे दोन्ही एकाच बाईचे आहेत का. मग स्वतःच हसला. कारणाचं पान जोडा, म्हणाला, आज मुलाखतीच चालू आहेत, वेळेत दिलंत तर आजच आत पाठवतो.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने लिहायला घेतलं. वडिलांचं आजारपण खरंच होतं. पक्षाघात, सहा महिने अंथरुणावर, औषधांच्या वेळा तिनेच सांभाळलेल्या. अर्धं पान झरझर भरलं. वाचून तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. आणि मग जन्माची खोड आडवी आली. तिने तारखा पाहिल्या. वडील पडले तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात. ती नापास झाली दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात, आणि पहिल्या वर्षीचे गुण तर त्याहून केविलवाणे. तारखा जुळत नव्हत्या. दुसऱ्या कुणाची फाइल अशी आली असती, तर तिने समासात फुली मारून परत पाठवली असती.

तिने पान फाडलं. सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न तिने संध्याकाळवर टाकला.

नव्या पानावर तिने लिहिलं, की मी रसायनशास्त्र घेतलं ते मैत्रिणीने घेतलं म्हणून. मला ते आवडलं नाही आणि मी अभ्यास केला नाही. प्रयोगशाळेच्या तासाला मी वाचनालयात बसून जुन्या खटल्यांची पुस्तकं वाचत असे. घरी कुणी मला अडवलं नव्हतं, कुणी जबरदस्तीही केली नव्हती. वडील नंतर आजारी पडले. माझ्या गुणांशी त्याचा संबंध नाही. पुढे नोकरी आणि संसार सांभाळून मी एम.ए. केली, तेव्हा रोज पहाटे साडेचारला उठले, कारण तो विषय मी स्वतः निवडला होता. खाली सही, तारीख. पुरवणी लागली नाही.

मुलाखतीच्या खोलीत दोघंच होते. प्राचार्याबाई, आणि पुराव्याचा कायदा शिकवणारे एक वयस्कर सर, जे आधीच्या उमेदवारांनी कंटाळलेले दिसत होते. प्राचार्याबाईंनी पान वाचलं आणि सरांकडे सरकवलं. सरांनी वाचलं. मग खुर्ची पुढे ओढली. पन्नास अर्ज वाचले, म्हणाले, त्यातल्या अठ्ठेचाळीस जणांच्या घरी कुणी ना कुणी अंथरुणावर होतं. मग त्यांनी विचारलं, वकील कशाला व्हायचंय?

तिने चौकशीची हकिगत सांगितली. अधिकारी काय म्हणाला तेही सांगितलं.

“मग आता सांगा,” सर म्हणाले. “मी तो अधिकारी. तुम्हाला बसवत नाही. सही निळी का?”

ती आपोआप उभी राहिली. आवाज आला तो तिचा तिलाच नवा वाटला.

“त्या दिवशी काळ्या पेनांचा डबा संपला होता, साहेब. दीड वाजता स्टोअरने निळी पेनं दिली. त्याची चिठ्ठी आहे, स्टोअरकीपरच्या सहीची. आणि दोन वाजता दुसऱ्या पाळीचे अकरा जण आत आले, त्यांचं रजिस्टर वेगळं असतं. त्या अकराही सह्या निळ्या आहेत. या माणसाची सही मागाहून घातलेली असेल, तर त्या अकरा जणांच्याही मागाहूनच घातलेल्या म्हणाव्या लागतील. उलट ही एक सही काळी असती, तर मी म्हटलं असतं की काहीतरी गडबड आहे.”

सरांनी विचारलं, चिठ्ठी अजून आहे का. तिने सांगितलं, आहे, चौकशीत कुणी मागितलीच नव्हती, प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली आहे, आणि कुणाच्याही हातात दिलेली नाही. सर प्राचार्याबाईंकडे वळले आणि म्हणाले की या बाईंना पहिल्या सत्रातला निम्मा विषय येतो, उरलेला मी बघून घेतो. प्राचार्याबाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी लाल शाईतल्या ‘अपात्र’वर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि तारीख घातली. ती तारीख तिने उलटीच, टेबलापलीकडून, दोनदा वाचून घेतली.

तिच्या छातीत काहीतरी पतंगासारखं वर गेलं. त्या व्हॉल्व्हमनचा चेहरा आठवला, सासूबाईंचा आठवला, आणि नवरा उद्या कुठल्या कुठल्या लिफ्टमध्ये ही बातमी वर-खाली नेणार, तेही दिसलं. पण ती ताठ उभी राहिली, अकरा सह्या अजून मोजायच्या असल्यासारखी.

प्राचार्याबाईंनी सांगितलं की वर्ग सोमवारपासून, संध्याकाळी सहाला. मग पेनाचं टोपण लावत त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय?

“विचारायचं नाही, एक मागायचंय,” ती म्हणाली. “माझं ऑफिस साडेपाचला सुटतं. बसने इथे यायला चाळीस मिनिटं लागतात. पहिल्या तासाला मला रोज दहा मिनिटं उशीर होईल. तेव्हा मला वर्गात येऊ द्या.”