विजगापट्टमची अकरा अक्षरं

चिमाजीला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि दिवसभर तो इंग्रजीच लिहीत असे. चिंचवड स्टेशनाजवळ उद्धवरावांची लाकडी खोक्यांची वखार होती. पत्र्यात कोरलेला शब्द खोक्यावर धरायचा, वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, पत्रा उचलायचा, की झालं इंग्रजी! माणहून आलेल्या या गड्याने अक्षरांचं बारसं स्वतःच केलं होतं. 'ए' म्हणजे तिवई, 'टी' म्हणजे छत्री, आणि 'जी'ला तो सरळ कान म्हणे.

छप्पन्न सालच्या एका शनिवारी औषधाच्या बाटल्यांची चाळीस खोकी पाचच्या मालगाडीने विजगापट्टमला जायची होती. तिथलं गिऱ्हाईक नवं, त्यामुळे त्या गावाचा पत्राच नव्हता. पत्रे कोरणारा पुण्याचा कारागीर नेमका मुलीच्या लग्नाला बार्शीला गेलेला. हाताने लिहिलेले पत्ते मालधक्क्यावरचा कारकून घेत नसे. मागे दोनदा खोकी परत आली होती.

"चिमाजी," उद्धवराव म्हणाले, "सोमवारी पुण्याहून एक इंग्रजी शिकलेला माणूस येतोय. आज गाडी चुकली, तर तुझा बोळा त्याच्या हातात. मग मला बोल लावू नकोस."

"जुन्या पत्र्यांतनं अक्षरं जमिवतो, मालक. नगं ती झाकायची."

वखारीचे कारकून नानासाहेब मॅट्रिक. त्यांनी फळीवर खडूने गावाचं नाव लिहिलं. अकरा अक्षरं, त्यांत चार तिवया! चिमाजी पत्र्यांच्या ढिगात शिरला. 'व्हार्निश'मधून व्ही आणि आय निघाले, 'ग्लास'मधून कान, 'बॉटल'मधून छत्री, 'पूना'तून पी, 'मद्रास'मधून एम. तिवया तर हव्या तेवढ्या. झाकायला नानासाहेबांनी आपल्या सासऱ्यांची पोस्टकार्डं काढून दिली, आणि तीही जरा जास्तच आनंदाने.

उरलं एक अक्षर. झेड.

चिमाजीने सगळा ढीग दोनदा उपसला. नानासाहेब डोळे मिटून पुटपुटू लागले, "झेब्रा... झू... झीरो..."

"झेब्रा कोन भरतंय वो खोक्यात?"

"अरे, झेड असलेले शब्द आठवतोय!"

"तुमच्या डोस्क्यातल्या शब्दाला भोकं हायती का? मला पत्रा हवा."

घड्याळात दोन वाजत आले होते. चिमाजी मटकन खाली बसला. या वयात माणला परत जाऊन भावाच्या दारात उभं राहायचं, हे त्याला डोळ्यांसमोर दिसू लागलं. समोर 'व्हार्निश'चा पत्रा भिंतीला टेकून उभा होता, त्यामुळे त्यातली सगळी अक्षरं कुशीवर निजलेली. चिमाजी बघत राहिला. मग उठला, पत्रा तसाच उभा एका खोक्यावर धरला, एक अक्षर सोडून बाकी सगळी पोस्टकार्डांनी झाकली आणि बोळा मारला.

"नानासाहेब, ह्ये बगा."

"अरे, तो तर एन आहे."

"उबा व्हता तवर आसंल. आता निजलाय."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फळीवरचं अक्षर पाहिलं, खोक्यावरचं पाहिलं.

"झेड!" ते ओरडले. मॅट्रिकच्या निकालालासुद्धा ते एवढे ओरडले नसतील.

मग चाळीसही खोकी होईपर्यंत चिमाजीने मान वर केली नाही. पावणेपाचला हातगाड्या धक्क्यावर पोचल्या. तिथल्या कारकुनाने पहिल्या खोक्यावरून बोट फिरवलं. झेडवर बोट थांबलं.

"जरा बुटका वाटतोय हा," कारकून म्हणाला, आणि पावतीवर शिक्का मारला.

गाडी हलेपर्यंत उद्धवराव फलाटावर उभे होते. मग नानासाहेबांकडे वळून म्हणाले, "त्या पुण्याच्या माणसाला आजच तार करा. येऊ नका म्हणावं." मग त्यांनी चिमाजीकडे बोट दाखवून टपरीवाल्याला चहाची खूण केली.

चहाचा पहिला घोट पोटात गेल्यावर चिमाजीच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपण पाणीसुद्धा प्यायलो नाही. "आजून एक सांगा, मालक," तो म्हणाला आणि बाकड्यावर ऐसपैस मांडी घालून बसला.