नंबरताईंची सरळ रेघ

टॅब घरात आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं नंबरताईंना ओळखायला साफ नकार दिला.

वास्तविक स्वागतात काही कमी पडलं नव्हतं. खोकं उघडण्याआधी ताईंनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले होते, नवऱ्याला धुवायला लावले होते, धूळ नको म्हणून पंखा बंद केला होता आणि टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला होता. लेक जन्मली तेव्हाही घरात एवढी शांतता नव्हती. टॅब जागा झाला, चेहरा दाखवा म्हणाला, ताईंनी दाखवला. त्यानं तो साठवून घेतला. आणि सकाळी तोच चेहरा समोर धरला तर म्हणतो, तुम्ही कोण?

पण तो तरी काय करणार? नंबरताई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या आणि दुकानाची चालतीबोलती जाहिरात म्हणून मालक त्यांना सारख्या नव्या फ्रेमा घालायला लावत. कधी गोल, कधी मांजरीच्या डोळ्यांसारखी तिरकी, तर कधी इतकी जाड आणि काळी की बाई आता बँक लुटायला निघाल्यात असं वाटावं. रात्रीची मांजर सकाळी दरोडेखोर होऊन आली, तर यंत्र बिथरणारच. मग त्यानं बोट मागितलं. भिंगं घासून घासून ताईंच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. टॅबनं बोटही नाकारलं.

"चेहरा नाही, बोट नाही," नवरा म्हणाला, "म्हणजे कायद्यानं तू जन्मालाच आलेली नाहीस."

"अहो, तुम्ही जरा गप्प बसाल?" ताई म्हणाल्या. पासवर्डावर तडजोड झाली.

खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलेल्या या बाई. बोलताना त्या माणसाच्या डोळ्यांत न बघता त्याच्या काचांकडे बघत आणि मध्येच "डावा नंबर वाढलाय हो तुमचा" असं सांगून मोकळ्या होत. म्हणून नंबरताई. मालक गावात दुसरं दुकान काढणार होते आणि ते कुणाच्या ताब्यात द्यायचं हा प्रश्न होता. "काम तुम्हाला येतं, त्यात वादच नाही," मालक म्हणाले, "पण भिंतीवर डिप्लोमा टांगायला पाहिजे. गिऱ्हाईक आधी भिंत बघतं, मग काच. या वर्षात पास व्हा, दुकान तुमचं." तुमचं म्हणजे चालवायला. पण उभ्या जन्मात ताईंना कुणी दुकान देऊ केलं नव्हतं. त्यांनी त्याच आठवड्यात संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला इतका आनंद झाला की तिनं टॅब आणि त्याचं पेन पाठवून दिलं. "आई, आता वह्या बंद," ती फोनवर म्हणाली. ताईंनी ते शपथेसारखं मनावर घेतलं.

पहिल्या तासाला टॅब अद्ययावत होत होता. पडद्यावर एक गोल फिरत होता. शिकवणारे सर उजव्या हातानं फळ्यावर लिहायचे आणि डाव्या हातानं मागून पुसत जायचे. कधीकधी डावा हात उजव्याला गाठायचा. अंतर्गोल भिंग आलं, किरण फाकले, प्रतिमा पडली, सगळं पुसून झालं, तरी गोल फिरतच होता. दुसऱ्या तासाला पेनाचं चार्जिंग उतरलेलं. पेनालासुद्धा चार्जिंग लागतं हे ऐकून ताईंनी पेनाकडे असं बघितलं, जसं जेवायला आणखी एक पाहुणा आल्यावर बघतात. तिसऱ्या तासाला सगळं चालू होतं, तर मनगट टेकलं की पान सरकायचं, तळवा टेकला की रेघोट्या उठायच्या. ताई हात अधांतरी धरून लिहू लागल्या. तास संपेपर्यंत खांदा भरून यायचा, आणि घरी येऊन पाहावं तर आज लिहिलेलं कालच्या पानात आणि कालचं कुठंच नाही.

"एक साधी वही घे ना," नवरा म्हणाला. तो गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला ब्रेक कुठं आहे ते आधी बघायचा. "माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी पण एक ब्रेक असतो. याला आहे का?"

"वही घेणार नाही म्हणजे नाही."

"बरं. मग दाब ॲक्सिलरेटर."

हट्ट असा की चडफडत का होईना, ताई रोज टॅबच उघडत. लेक रोज विचारायची, आई, टॅब कसा चाललाय? आणि ताई दातओठ खात "मस्त गं" म्हणायच्या.

सगळ्यात जास्त जीव घेतला तो किरणांच्या आकृत्यांनी. अक्ष सरळ हवा, किरण सरळ हवेत, आणि काचेवर पेन असं घसरायचं की किरण भिंगात शिरण्याआधीच वळण घ्यायचा. एकदा वैतागून ताईंनी पेन बाकावर आपटलं, तेव्हा शेजारची मुलगी वाकून म्हणाली, "काकू, रेघ ओढायची, पण पेन उचलायचं नाही. तसंच थांबायचं जरा."

ताई थांबल्या. वाकडी रेघ क्षणभर थरथरली आणि ताडकन सरळ झाली.

त्या क्षणी नंबरताईंचं टॅबवर प्रेम बसलं. वाकडं काढावं, थांबावं, सरळ घ्यावं. गोल बटाट्यासारखा काढावा, थांबावं, चंद्रासारखा घ्यावा. चुकलं तर दोन बोटांनी टकटक केलं की चूक झालीच नव्हती असं व्हायचं; ही सोय लग्नात असती तर, असं त्यांनी नवऱ्याला ऐकवूनही घेतलं. पुढं तर तेवढेही कष्ट उरले नाहीत. एकदा काढलेलं भिंग उचलायचं, दुसऱ्या पानावर ठेवायचं, किरण इकडचा तिकडं चिकटवायचा. मग रंग. भिंगावर येऊन पडणारा आपाती किरण निळा, पण कुठला निळा? त्यावर एक संध्याकाळ गेली. सरांनी त्यांची पानं वर्गाला दाखवली. लेकीनं ती मैत्रिणींना पाठवली. पानं इतकी देखणी झाली होती की ती वाचायला ताईंच्या जिवावर यायचं. मांडून ठेवलेल्या पलंगावर कोण लोळणार?

परीक्षा जवळ आली तेव्हा नवऱ्यानं सहज विचारलं, "पेपर कशावर लिहायचाय?"

"कागदावर."

"मग दोनचार आकृत्या कागदावर काढून बघ की."

"तुम्ही गाडी शिकवता ती आधी सायकलवर बसवून शिकवता का?"

"नाही," नवरा म्हणाला, "पण परीक्षा ट्रॅक्टरवर असती तर ट्रॅक्टरवर बसवलं असतं."

ताईंनी टॅब उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पेपरात निम्म्याहून जास्त गुण आकृत्यांना होते. ताईंनी प्रश्न वाचला, उत्तर डोळ्यांसमोर लख्ख होतं, आपाती किरण निळा. त्यांनी मुख्य अक्ष ओढला. तो कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा मधोमध झोल खाऊन पडला. ताईंनी पेन उचललं नाही. त्या थांबल्या.

रेघ सरळ होईना. टॅबही कधीकधी वेळ घ्यायचा, म्हणून त्या आणखी थांबल्या. पेनाखाली शाईचा ठिपका पडला, तो मसुराएवढा झाला, मग वाटाण्याएवढा. तेव्हा कुठं हा कागद आहे हे ताईंच्या ध्यानात आलं, आणि तरीही त्यांच्या डाव्या हातानं, कुणी न सांगता, उत्तरपत्रिकेवर दोन बोटांनी टकटक केली.

"काय हवंय?" पर्यवेक्षक बाई जवळ आल्या.

"पट्टी."

"आपली आपण आणायची. दुसऱ्याची घेता येणार नाही."

पट्टी त्यांनी वर्षभरात हातात धरली नव्हती. पट्टीसारखं सरळ असं त्यांना एकच सुचलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याची दांडी कागदावर धरली आणि रेघ ओढू गेल्या. रेघ सरळ आली असावी. कुठं आली ते मात्र दिसेना, कारण चष्मा कागदावर होता. डोळ्यांवर चढवून पाहिलं तर किरण भिंगाला चुकवून थेट पुढच्या प्रश्नात शिरला होता. पुन्हा काढला, पुन्हा चढवला. खाली धरला की सरळ पण आंधळं, डोळ्यांवर ठेवला की दिसतं पण वाकडं. अशा चढउतारात वेळ संपला, आणि शेवटची आकृती तर त्यांनी काढलीच नाही. नुसते शब्द लिहिले, इथं किरण वळतो.

फाटकाशी नवरा शिकवणीची गाडी घेऊन उभा होता. शेजारच्या सीटवरची फाईल उचलून त्यानं जागा केली.

"कसा गेला?"

"वाकडा."

त्यानं गिअर टाकला. वळणावर त्याच्या हातून गाडी बंद पडली, जी एरवी कधी पडत नसे. मागचा माणूस हॉर्न वाजवत राहिला. ताई काचेबाहेर बघत होत्या.

"फोन करशील का तिला?" गाडी सुरू झाल्यावर त्यानं विचारलं.

"उद्या," ताई म्हणाल्या. "आज नको. ती आधी टॅबचंच विचारील."

नंबरताई त्या पेपरात नापास झाल्या. फेरपरीक्षा पुढच्या वर्षी होती आणि नवं दुकान त्याआधी उघडायचं होतं. मालकांनी ते बाहेरगावच्या एका डिप्लोमावाल्याला दिलं.