जमिनीची बेंबी

आनंदराव गेल्याचं मला मंगळवार पेठेत, सायकलचं पंक्चर काढून घेताना कळलं. "गुरुजी, बेंबी मास्तर गेलं की सकाळी," दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. निम्मी पेठ आनंदरावाला याच नावानं ओळखायची. पण मला राग आला आणि सायकल तिथंच टाकून मी चालत सुटलो...

आम्ही एकाच शाळेत, तो भूगोलाला, मी चित्रकलेला. जमिनीच्या पोटात जिथून भूकंप सुरू होतो ती नाभी, आणि तिच्या बरोबर वर, जमिनीवरचं ठिकाण म्हणजे अपिकेंद्र, हे तो जीव तोडून शिकवायचा. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, बेंबी सरकली की पोटात दुखतंय, तसंच व्हय?" दुसऱ्या कुणी कान पिळला असता. हा म्हणाला, "व्हय, तसंच. फकस्त हितं चोळून जाग्यावर आणाय कोण न्हाय." तेव्हापासून नाव चिकटलं. वर्तमानपत्रात नुसतं 'भूकंपाचे केंद्र' दिसलं की गडी तापायचा, "वरचं का खालचं, ते तर लिवा की." मी त्याची भरपूर टर उडवायचो.

त्याची धाकटी बहीण सुमन. तिचा नवरा कोयनेला, धरणावर नोकरीला. त्या वर्षी भाऊबिजेला आली ती परत जायला तयारच होईना. "दादा, रोज भांडी वाजत्यात. मला न्हाय जायाचं." यानं तिला समोर बसवून पाटीवर आकृती काढली. नाभी खोल असते, वर येईस्तोवर जोर मरतो, आणि बारके धक्के बरेच, आतला ताण तेवढाच निघून जातो... मी तिथंच चहा पीत होतो. मास्तरच सांगतायत म्हटल्यावर भ्यायचं कशाला, असं मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः तिला यष्टीत बसवून दिलं. महिनाभरात कोयनेचा तो भूकंप झाला. सुमन क्वार्टरच्या भिंतीखाली सापडली.

"पुस्तकात होतं तेच सांगितलंस ना?" मी एकदा त्याला म्हणालो.

"पुस्तकानं तिला यष्टीत न्हाय बसवलं. मी बसवलं."

काळ हेच औषध असं म्हणतात. आनंदरावाला ते पंधरा वर्षांत लागू पडलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो धडा त्यानं एकदाही टाळला नाही. आकृती फळ्यावर काढायचा, नावं मात्र पोरांकडून लिहून घ्यायचा आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा.

दिवस झाल्यावर वहिनींनी त्याची पुस्तकं शाळेला द्यायला म्हणून मला बोलावलं. भूगोलाचं पुस्तक हातात घेतलं की आपोआप त्याच पानावर उघडत होतं. आकृतीतला 'नाभी' हा छापील शब्द खोडरबरानं घासून घासून पार घालवला होता, कागद झिजला होता. तिथं त्याच्या सुबक वळणात, पेन्सिलीनं, एकच अक्षर होतं. मी.

वहिनींना मोतीबिंदूमुळं बारीक दिसत नाही. पान डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ते पुन्हा माझ्यापुढं धरलं. "काय लिवलंया हो ह्यांनी, भावजी?"

"नाभी," मी म्हणालो.