साध्या पाण्याचा थेंब

नसीमाच्या प्रबंधाचे तीन आठवडे मी तंबाखू खाऊन वाया घालवले. गेल्या महिन्यात छावणी भागात राहणाऱ्या मित्रानं फोनवर ती गेल्याचं सांगितलं, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी हेच आठवलं...

संस्थान भारतात आलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आम्ही दोघं होतो. नोकरीत ती कायम, मी तात्पुरता. हर्सूलच्या तलावातून बाटलीभर पाणी आणायचं, त्यात वाळलं गवत कुजवायचं, की पॅरामेशियम वाढायचे. एका पेशीचे, चपलेच्या तळव्यासारखे जीव. नाक नाही, डोकं नाही. पण सौम्य आम्लाचा थेंब सोडला की भोवती जमायचे, खारट सोडला की उलटं पोहत मागं सरायचे. कोणतं औषध त्यांना किती बिचकवतं, हे नसीमा मोजत होती. मुदतीला दोनच महिने उरले होते, म्हणून ती वर्गावर तास घेत असताना निरीक्षणाला मी बसायचो. पिपेटच्या काचेच्या नळीत थेंब तोंडानं ओढायचा, काचेवर सोडायचा, दिसेल ते वहीत लिहायचं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की साध्या पाण्यातही ते भोवऱ्यासारखे फिरताहेत. नवा शोध लागला म्हणून मी थेट विभागप्रमुखांना सांगून आलो. नसीमानं सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं.

"रामभाऊ, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा तर..."

ओठाखाली तंबाखूची गोळी होती. तिचा रस पिपेटमधून थेंबाथेंबानं उतरत होता.

"ह्यांना मेंदू नाय, तरी ह्यांना कळालं काय खाऊ घातलंय ते," ती म्हणाली. "तुमचं काय?"

प्रमुखांना मात्र तिनं सांगितलं, "पिपेटी मीच नीट धुतल्या नव्हत्या, चूक माझी." माझी नोकरी टिकली. तिनं तीन आठवड्यांच्या नोंदी फाडल्या, नवं पाणी आणलं, रविवारीसुद्धा एकटी बसली. प्रबंध दिला तो मुदतीच्या शेवटच्या दुपारी. पुढं इतकी वर्षं भेटत राहिलो, पण तिनं ही गोष्ट कधी काढली नाही. मीही नाही. माणूस आपले उपकारही लपवतो, असं मला वाटत राहिलं...

परवा तिच्या मुलीला भेटायला गेलो. मनावरचं ओझं उतरावं म्हणून सगळं कबूल केलं. म्हणालो, "तुझ्या आईनं माझी लाज झाकली. जन्मभर कुणाला बोलली नाही."

ती चहाचा कप माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "कुणी सांगितलं काका? दरसाली पहिल्याच तासाला अम्मी पोरांना हेच सांगायची. तुमच्या नावासकट."